'रिप्रोड्यूस' आणि 'रिट्रॅक्ट'ला मराठीत काय म्हणता? (पुनरुत्पादन सोडून सांगा)

गोदाकाठची:
मंडळी, अडकलेय. धाकटीच्या कॉलेजात विज्ञान दिनाचं भित्तीपत्रक आहे, तिने घेतलंय जपानचं स्टॅप पेशींचं प्रकरण आणि मराठी करून द्यायचं काम नेहमीसारखं माझ्या गळ्यात. जानेवारी २०१४ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात दोन पेपर आले, कोबेच्या रिकेन संस्थेतल्या हारुको ओबोकाता आणि सहकाऱ्यांचे, की उंदराच्या पिल्लाच्या प्लीहेतल्या पेशी सौम्य आम्लात (पीएच ५.७) साधारण अर्धा तास ठेवल्या की त्या परत कोऱ्या होतात, मग त्यांच्यापासून शरीरातली हवी ती पेशी करता येईल. दुसऱ्या कुणालाच ते जमेना आणि जुलैत दोन्ही पेपर रिट्रॅक्ट झाले. मी लिहिलं, "निष्कर्षांचे पुनरुत्पादन न झाल्याने शोधनिबंध मागे घेण्यात आले". सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "म्हणजे त्या पेशींना पोरं झाली नाहीत का गं?"

कारंज्यावरचा:
😂 सासूबाईंना नमस्कार सांगा. 'पुनरावृत्ती' लिहा आणि मोकळ्या व्हा.

टाकळीकर:
नाही हो, पुनरावृत्ती तर झालीच की! नंतर वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मिळून १३३ वेळा करून पाहिलं, २०१५ ला ते नेचरमध्येच छापून आलं. कृती परत परत झाली, गुण आला नाही. आई शेजारणीकडून विरजण आणायची, तेच दूध तेच भांडं, तरी तिच्यासारखं दही लागायचं नाही, तसलं. याला आपल्याकडे चांगला शब्द आहे, 'पडताळा'. "पडताळा आला नाही." शाळेत भागाकाराचा ताळा करायचो तोच हा ताळा असणार असं मला आपलं वाटतं. 'प्रचीती'पण चालेल, आमच्या टाकळीत रामदास १२ वर्षं राहिले म्हणून सांगत नाही 🙂

शुद्धमती:
पडताळा ठीक. पण 'रिट्रॅक्ट'ला 'प्रत्याहरण' का नको? भगूरच्या सावरकरांनी 'महापौर' दिला तेव्हाही लोक हसलेच असतील, आज कुणी हसतं का?

कारंज्यावरचा:
महापौर तोंडात बसला कारण रोज लागतो. प्रत्याहरण म्हटलं तर आमच्या योगवर्गातल्या काकू श्वास रोखून बसतील. सरळ 'रद्द'.

शुद्धमती:
रद्द अरबी आहे. रद्दीसुद्धा त्यातलीच.

कारंज्यावरचा:
मग रद्दीवाल्याला काय हाक मारता तुम्ही?

टाकळीकर:
भांडू नका, रद्द अरबी आहे म्हणून नाही तर अर्थाने चुकतोय. रिट्रॅक्ट झालेला पेपर गायब होत नाही, शिक्का मारून तिथेच ठेवतात, कोणीही वाचावा. आणि 'मागे घेणे' म्हणजे ज्याने दिलं त्याने घेणे, उमेदवार अर्ज मागे घेतो तसं. स्टॅपमध्ये लेखकांनीच घेतले म्हणून चालेल, पण कधीकधी लेखक नाही नाही म्हणत असताना जर्नल परस्पर रिट्रॅक्ट करतं, तिथे कोणी काय मागे घेतलं?

लासलगाव_लाल:
आमच्याकडे याला 'वांधा' म्हणतात. लिलावात कांद्याच्या ट्रॉलीचा भाव पुकारला, चिठ्ठी हातात आली, सगळे खूश, मग खळ्यावर ओतताना खालून गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, निघते. व्यापारी म्हणतो वांधा. भाव तोडतो नाहीतर सौदा मोडतो. गेल्या साली माझेच क्विंटलमागे दोनशे तोडले, गोल्टी मूठभर होती पण तेव्हा कोण ऐकतं. तुमच्या जपानवाल्यांचं तेच ना, वर एक माल आणि खाली दुसरा?

टाकळीकर:
अगदी तेच! तपासात निघालं की स्टॅप म्हणून दाखवलेल्या पेशी मुळात भ्रूणाच्या मूळपेशी होत्या, आधीच्या साठ्यातल्या. कोऱ्या झाल्या कसल्या, कोऱ्याच होत्या.

गोदाकाठची:
वांधा भारी आहे पण भित्तीपत्रकावर नाही लिहिता येणार. योशिकी सासाई म्हणून मोठे सहलेखक होते, त्यांनी त्याच ऑगस्टमध्ये आयुष्य संपवलं. धाकटीने तो परिच्छेद ठेवलाय. त्याच्या वरच्या ओळीत 'वांधा' नको वाटतं.

शुद्धमती:
म्हणूनच म्हणते, भारदस्त शब्द हवा.

कारंज्यावरचा:
भारदस्त आणि अवजड यात फरक असतो ताई. बाय द वे, वांधा की वांदा? आम्ही 'खायचे वांदे झाले' म्हणतो.

शुद्धमती:
वांधा. धा.

लासलगाव_लाल:
आमचा मुनीम चिठ्ठीवर नुसतं 'वां' लिहून आडवी रेघ मारतो, पुढचं अक्षर आजवर कुणी पाहिलं नाही.