समोरच्या संघाचा खेळाडू पडलेला असताना लोक ओरडतात कसे? (आइस हॉकी)

सांगलीकर_कॅनडात

मंडळी, हॉकीतलं कळणारं कुणी आहे का इथे? म्हणजे इकडची, बर्फावरची.

बाबा सांगलीहून आलेत. खिडकीतून बर्फ बघून बघून वैतागले होते. ऑफिसातल्या एकाकडून एनएचएलच्या (इकडची सगळ्यात मोठी हॉकी लीग) मॅचची दोन तिकिटं मिळाली, म्हणून त्यांना घेऊन गेलो. संघाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांचे भक्त इथेही असणार आणि मला उरलेला हिवाळा सुखाने काढायचाय.

दुसऱ्या पिरियडमध्ये पाहुण्यांचा एक जण कडेच्या बोर्डवर असा आपटला की वरची काच थरथरली. गुडघ्यावर आला, पुन्हा आडवा. आणि शिट्टीच नाही! खेळ चालू. तो तिकडे पालथा पडलाय आणि आमच्या बाजूचे सगळे उभे राहून घसा फाडतायत. बाबांना वाटलं, तो पडला म्हणून नाचतायत. मलाही तसंच वाटलं. पुढे कधीतरी शिट्टी झाली, त्यांचा ट्रेनर साध्या बुटांवर तोल सावरत बर्फावर आला, दोन्ही संघांनी टाळ्यांसारख्या स्टिक आपटल्या, तो उठला आणि याच लोकांनी कडकडून टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या पिरियडमध्ये आमच्या एकाची स्टिक त्यांच्या एकाच्या तोंडावर बसली. तो ग्लव्ह तोंडाला लावून वाकलेला, आणि पुढच्या रांगेतला एक दाढीवाला बिअरचा भलामोठा ग्लास सांभाळत बोंबलतोय, "नो ब्लड! नो ब्लड!" बाबांचं इंग्रजी बेताचं, पण 'ब्लड' कळतं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आवं, माणूस हाय त्यो. रगात बघाया आलाय व्हय हितं?" दाढीवाल्याला काय कळलं देव जाणे, त्याने हसून अंगठा दाखवला.

घरी येईपर्यंत बाबांचं एकच चालू होतं. तर सांगा, ती टाळी मनापासूनची की नुसती रीत? आणि हे रक्ताचं काय प्रकरण आहे?

निवांत_नानू

सरळ आहे हो. ज्या खेळात हातमोजे काढून मारामारी केली तर पाच मिनिटं बाहेर बसवतात आणि मग परत खेळायला घेतात, तिथल्या प्रेक्षकांकडून काय अपेक्षा ठेवायची?

व्हँकुव्हरचं 2004 चं प्रकरण वाचा. कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरने फेब्रुवारीत व्हँकुव्हरचा कॅप्टन नॅस्लंडला ठोकलं, पेनल्टी मिळाली नाही. 8 मार्चला कोलोरॅडो व्हँकुव्हरात. बदला घेतला जाणार हे पोराटोराला माहीत. टॉड बर्टुझीने मागून येऊन मूरच्या डोक्यात ठोसा घातला आणि त्याच्यावरच कोसळला. मूरच्या मानेची हाडं मोडली, परत एनएचएल खेळू शकला नाही. ती गर्दी काय भजनाला आली होती? बर्टुझीला शिक्षा झाली, खटला झाला. "आज त्याला सोडू नका" म्हणत तिकीट काढून आलेल्यांना कुणी काही विचारलं नाही.

टाळ्या म्हणजे हात धुणं.

बफेलोची_वहिनी

सांगलीकर, बाबांना नमस्कार सांगा. पण दाढीवाल्यावर थोडा अन्याय झालाय. तो रक्त मागत नव्हता. रक्त आलेलं नाही, असं रेफ्रीला सांगत होता.

चुकून स्टिक तोंडाला लागली तर दोन मिनिटांची पेनल्टी. त्यात इजा झाली तर दुप्पट, म्हणजे चार. नियमात 'इजा' म्हटलंय, पण बर्फावर उभ्या असलेल्या रेफ्रीला ती दिसणार कशी? मग रक्त बघायचं. म्हणून लाइन्समन (रेफ्रीचा मदतनीस) त्या खेळाडूच्या तोंडात डोकावतो, आणि मार खाल्लेला गडीही ओठावरून जीभ फिरवून, ग्लव्हकडे बघून काही लाल सापडतंय का ते पाहतो. चार मिनिटं एक माणूस कमी घेऊन खेळायचं म्हणजे हातातली मॅच जाऊ शकते. त्यामुळे तुमचा दाढीवाला आपल्या संघाची वकिली करत होता. ती शोभेची होती असं मी म्हणत नाही. समोरच्याचा दात हलला असेल आणि हा मिनिटं वाचवतोय! मला विचाराल तर या गर्दीचा खरा ओंगळ भाग हा आहे. टक्कर झाल्यावरची आरोळी नव्हे.

आता पहिला प्रसंग. खेळाडू पडला की शिट्टी होतेच असं नाही. पडलेल्याच्या संघाकडे पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) असेल तर खेळ लगेच थांबवतात, तेही गोल करायच्या बेतात नसतील तर. पक दुसऱ्यांकडे असेल तर पडलेल्याच्या संघाला तो मिळेपर्यंत खेळ चालू. दुखापत गंभीर आहे हे उघड दिसत असेल तर मात्र रेफ्री ताबडतोब थांबवू शकतो. तुमच्या वेळी पक नक्की यजमानांकडे असणार आणि ते गोलवर चालून गेले असणार. समोर पाचाऐवजी चारच उभे, म्हणजे गोलची नामी संधी. लोक तिकडे बघून ओरडत होते. पडलेल्याकडे तुमचं आणि बाबांचं लक्ष गेलं, कारण पकच्या मागे डोळे फिरवायची सवय अजून लागलेली नाही. आमच्या शेजारी बसणाऱ्या कित्येकांना शिट्टी झाल्यावरच कळतं की कुणीतरी पडलाय.

शिवाय संशय असतो. पेनल्टी मिळावी म्हणून नाटक केलं तर त्यालाही दोन मिनिटं देतात, इतकं ते चालतं. त्यामुळे "ऊठ रे, पुरे झालं!" हे ठरलेलंच. ट्रेनर बर्फावर आला की ते थांबायला हवं. बहुतेकांचं थांबतं, काहींचं नाही.

नानू, तुम्ही म्हणता तसं हात धुणं असेलही. पण ही रीत कुठून येते ते मी जवळून पाहिलंय. माझा मुलगा लहानपणापासून गोली, म्हणजे गोलकीपर. पहाटे सहाचं रिंक म्हणजे बाहेरच्यापेक्षा आत जास्त थंडी, बाकावर घोंगडी, थर्मासमध्ये चहा, आणि पोरांच्या किटबॅगांना असा वास की गाडीच्या काचा जानेवारीतही उघड्या ठेवायच्या. तिथे एखादं पोर पडून राहिलं की बाकीची सगळी, दोन्ही संघांची, आहेत तिथे एका गुडघ्यावर बसतात. पहिल्या वर्षी कोच सांगतो, पुढे अंगवळणी पडतं. आया गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवत असतात (चेष्टा नाही, खरोखरच्या घंटा), त्या बंद. एकदा माझी घंटा अशा वेळी हातातून निसटली आणि बाकावर ठणकन पडली. सगळ्या स्टँडने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मयताच्या घरी मी शिट्टी वाजवली. पोर उठलं की टाळ्या. पोर कुणाचंही असो.

तुमच्या मॅचला बसलेल्यांतले कितीतरी जण असे गुडघ्यावर बसून मोठे झालेत. टाळी मनापासूनची की सवयीची, हे त्यांना स्वतःला तरी सांगता येईल का, शंका आहे. पडलेल्या माणसाला सवयीची टाळीही पुरते.

आणि सवयीपलीकडचंही पाहिलंय. 10 फेब्रुवारी 2008, इथे बफेलोतच मॅच होती. फ्लोरिडाच्या रिचर्ड झेडनिकच्या गळ्यावरून त्याच्याच संघातल्या ओली योकिनेनच्या स्केटचं पातं गेलं. योकिनेन पडला आणि त्याचा पाय वर उडाला, एवढंच झालं. मानेतली मोठी धमनी कापली. झेडनिक गळा दाबून धरत स्वतःच्या पायांवर बेंचपर्यंत आला, मागे बर्फावर रक्ताची रेघ. आम्ही टीव्हीवर बघत होतो. नवऱ्याने चॅनल बदललं, मी परत लावलं. खेळ थांबवला गेला. त्याची प्रकृती स्थिर असल्याची घोषणा झाली तेव्हा लोकांनी जो आवाज केला, तो आपल्या संघाच्या गोललाही रोज होत नाही. याच शहरात 1989 मध्ये आमचा गोली क्लिंट मालारचुक असाच गळा कापला जाऊनही वाचला होता, त्यामुळे बफेलोवाल्यांना ते काय असतं वेगळं सांगावं लागत नाही. झेडनिक पुढच्या मोसमात परत खेळला.

निवांत_नानू

वहिनी, रक्ताचा नियम माहीत नव्हता, मान्य. पण जीव जायची वेळ आल्यावर माणूस माणसासारखा वागतो, यात हॉकीचं काय मोठेपण? साध्या दुखापतीत बघा. 10 जून 2019, टोरांटो, एनबीए म्हणजे बास्केटबॉल लीगच्या फायनलची पाचवी मॅच. हॉल तोच जिथे टोरांटोचा लीफ्स संघ हॉकी खेळतो. गोल्डन स्टेटचा केविन ड्युरँट पाय धरून खाली बसला आणि गॅलरीतले काही जण चक्क खूश होऊन ओरडले, हात हलवून टाटा करत होते. लाउरी आणि इबाका, टोरांटोचेच खेळाडू, हातवारे करून आपल्याच लोकांना गप्प करत होते. मग टाळ्या. जगात सभ्य म्हणून मिरवणारे कॅनडावाले ते हेच.

बफेलोची_वहिनी

ते बास्केटबॉल झालं. पण मुद्दा घेतला. खेळाडूने हात वर केला की गर्दी वळते, हे मात्र त्यातूनच दिसतं ना?

जुना_पॅव्हेलियनवाला

हॉकीतलं मला ओ की ठो कळत नाही. गर्दीचं म्हणाल तर क्रिकेटमधली 1976 ची किंग्स्टन टेस्ट विसरू नका. वेस्ट इंडीजचे होल्डिंग आणि डॅनियल अंगावर टाकत होते, अंशुमन गायकवाडच्या कानावर चेंडू बसला, 81 वर जखमी होऊन परतला, विश्वनाथचं बोट गेलं, ब्रिजेश पटेलचं तोंड फुटलं. दुसऱ्या डावात 97 वर खेळ खलास, कारण पाच जण बॅट धरायच्या अवस्थेत नव्हते. आणि स्टँडमध्ये जल्लोष. गावसकरांनी त्या प्रेक्षकांबद्दल किती कडू लिहिलंय ते वाचलं असेलच. तिथे कुणी स्टिक आपटल्या नाहीत.

आपलेही काही कमी नाहीत म्हणा. वानखेडेवर नॉर्थ स्टँडमध्ये एक दिवस बसा, समोरच्या संघाच्या फील्डरला काय काय ऐकवतात ते कळेल.

नॉटिंगहॅमचा_पेंडसे

इथे इंग्लंडात नॉटिंगहॅम पँथर्स आणि शेफिल्ड स्टीलर्स या हॉकी संघांचं जुनं हाडवैर. 28 ऑक्टोबर 2023 ला शेफिल्डमध्ये मॅच होती. पँथर्सच्या ॲडम जॉन्सनच्या गळ्याला शेफिल्डच्या एका खेळाडूचं स्केट लागलं आणि जॉन्सन गेला. वय 29. प्रेक्षकांना बाहेर जायला सांगितलं. ऑफिसातला एक जण तिथे होता. त्याला सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते बाहेर पडताना कुणीच घाई केली नाही, हे.

हॉलमधल्या आठेक हजार लोकांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ज्यांनी मॅच पाहिलीच नव्हती त्यांनी पाच-दहा सेकंदांचा व्हिडिओ बघून शेफिल्डच्या त्या खेळाडूला खुनी ठरवलं, त्याच्या रंगावरून शिव्या दिल्या. चौकशी चालू राहिली, आणि एप्रिल 2025 मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरणार नाही असं सांगितलं. तोपर्यंत दीड वर्ष हे चालू होतं. बाकावर बसलेल्याला निदान शेजारचा बघत असतो. सांगलीकरांच्या बाबांसारखा एखादा खांद्यावर हातही ठेवतो. मोबाइलवाल्याच्या खांद्यावर कोण ठेवणार?

एक चांगलं झालं, आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने आपल्या स्पर्धांमध्ये गळ्याचं संरक्षक सक्तीचं केलं.

सांगलीकर_कॅनडात

सगळ्यांचे आभार. वहिनींचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. चार मिनिटांचं लगेच पटलं. "म्हंजे पंचाला फितवत हुता की," असं म्हणाले, त्यामुळे दाढीवाल्याबद्दलचं मत फार सुधारलंय असं नाही. पडलेला माणूस सोडून खेळ चालू ठेवायचा नियम मात्र त्यांना अजिबात मान्य नाही. कुस्तीत असं चालत नाही म्हणे. मी सांगितलं, कुस्तीत दोघेच असतात, एक पडला तर खेळणार कोण? त्यावर उत्तर मिळालं नाही, पण चहा मिळाला.

वहिनी, पोरांच्या मॅचला कुणालाही जाता येतं का? बाबा विचारतायत.

बफेलोची_वहिनी

बहुतेक ठिकाणी येतं. जवळच्या रिंकवर शनिवारी पहाटेपासून चालू असतं, फुकट किंवा थोडेसे पैसे. दोन जोड मोजे घाला त्यांना, चहा घरून न्या, तिथली कॉफी कुणाला देऊ नये अशी असते. आणि पहिल्या रांगेत बसवू नका, काचेवर पोरं आदळली की ते उठून आत जातील.