पेजमेकरचं जुनं मशीन सांभाळू की सगळं युनिकोडमध्ये आणू?

गिरगाव_छपाई
आमचा गिरगावात छोटा छापखाना आहे, लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, स्मरणिका असं काम. जुनं सगळं पेजमेकर ७ (पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर) मध्ये, विंडोज एक्सपीवर, आणि मराठी फाँटचं सॉफ्टवेअर मागे प्रिंटरच्या जुन्या (पॅरलल) पोर्टला लावलेल्या डाँगलवर, म्हणजे लायसन्सच्या चावीवर, चालतं. पावसाळ्यात मशीन चालूच होत नाही, रॅम काढून पुसून लावली की होतं. लॅमिंग्टन रोडला विचारलं तर मदरबोर्ड मिळेल पण सेकंडहँड, गॅरंटी नाही. पुतण्या म्हणतो एकदाच काय ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल अशा मराठीत, कन्व्हर्ट करा. पण मंडळवाले दरवर्षी गेल्या वर्षीचाच अहवाल उघडून नावं आणि आकडे बदलायला सांगतात, ऐन गणपतीच्या तोंडावर मशीन बसलं तर काय करू? कोणी केलंय का हे?

खिळाजुळारी
बोर्डाचं नंतर बघा, आधी हार्ड डिस्क. बोर्ड दुसरा मिळेल, फायली कुठून आणणार? क्लोनझिला फुकट आहे, त्याने अख्ख्या डिस्कची इमेज (हुबेहूब नक्कल) काढा आणि एक कॉपी छापखान्याबाहेर ठेवा. एक्सपीचे अपडेट एप्रिल २०१४ लाच बंद झाले तेव्हा त्या मशीनला नेट अजिबात नको. आणि डाँगलसाठी यूएसबी-पॅरललची केबल घेऊ नका हो, ती प्रिंटरपुरती असते, डाँगल त्यावर बहुतेक ओळखतच नाही. पॅरलल पोर्ट असलेलाच बोर्ड मिळत असेल तर आत्ताच घेऊन ठेवा, पुढे तोही मिळणार नाही.

दादर_डीटीपी
सगळं कन्व्हर्ट करायच्या भानगडीत पडू नका असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, फाँट काढला की मजकुराचा नुसता कचरा दिसतो. त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात, रफाराचं बरोबर उलटं, म्हणजे कन्व्हर्टरला प्रत्येक शब्दात उलथापालथ करावी लागते. हिंदीसाठी बनवलेले कन्व्हर्टर तर आपल्या ‘ऱ्या’ला हमखास मारतात, ‘वाऱ्यावर’चं ‘वार्यावर’ होतं आणि प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटतं. ‘ॲ’सुद्धा युनिकोडमध्ये २००८ ला आला, त्यामुळे कन्व्हर्टर जुना असेल तर तो अ वर चंद्र देऊन लिहितो, दिसतं सारखंच पण सर्च केलं की सापडत नाही. हे सगळं हजारो पानांवर निस्तरायचं म्हणजे माणूस ठेवावा लागेल, आणि त्यातली बरीच पानं परत कोणी मागणारही नाही.
नवीन काम मात्र आजपासून युनिकोडमध्येच करा. जुन्यातलं जे गिऱ्हाईक मागेल तेवढंच कन्व्हर्ट करायचं.

गिरगाव_छपाई
हे पटतंय. म्हणजे मशीन लगेच काढायचं नाही. पण पेजमेकरची फाइल नव्या इनडिझाइनमध्ये (पेजमेकरच्या जागी आलेलं अ‍ॅडोबीचं सॉफ्टवेअर) उघडते का? पुतण्या म्हणतो उघडते.

शिवडी_प्रीप्रेस
इनडिझाइनच्या सीएस ६ आवृत्तीपर्यंत उघडायची (पेजमेकर ६ पासूनच्या फायली), नंतर अ‍ॅडोबीने ते काढून टाकलं. आणि उघडली तरी आतला मजकूर जुन्याच फाँटचा राहतो, लेआउट मिळतो फक्त. तुमच्या जागी मी असतो तर मशीन चालू आहे तोवर नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या शेवटच्या वर्षीच्या फायलींची पीडीएफ करून ठेवली असती, फाँट त्या फाइलमध्येच घालून (एम्बेड करून). बदल करता येणार नाही, पण समोर ठेवून नवीन तरी लावता येईल.
नवीन इनडिझाइन घेतलंत तर पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात आणि लोक उगाच फाँटला दोष देतात. देणगीदारांची नावं आणि रकमा कन्व्हर्टरवर सोडू नका, त्या छापील अहवालावरून हातानेच टाका. फाँटचं नाव इथे टाका, त्याचा मॅपिंग तक्ता (कुठल्या इंग्रजी अक्षराच्या जागी कुठलं मराठी अक्षर आहे त्याची यादी) माझ्याकडे असला तर पाठवतो.