देवाला तो म्हणायचं, ती की ते? (मुद्रितशोधनातली अडचण)

खिळेजुळणी

नमस्कार मंडळी. व्याकरणाचा प्रश्न म्हणून लिहायला बसले होते, आता तो तेवढाच राहिलेला नाही.

मी घरबसल्या मुद्रितशोधन करते, पानामागे पैसे. सध्या हातात एका निवृत्त मास्तरांचं ज्ञानदेवांच्या 'अमृतानुभवा'वरचं पुस्तक आहे, २१२ पानं. पान ८७ वरचा एकच परिच्छेद सांगते. पहिल्या वाक्यात 'परब्रह्म', म्हणून पुढे 'ते कशानेच मोजता येत नाही'. ठीक. तिसऱ्या वाक्यात त्याचंच 'तो सर्वांचा साक्षी' झालं. आणि शेवटी 'ती कुणाला उपाशी ठेवत नाही'. ही ती कोण? तर माउली. पण 'माउली' हा शब्द या पानावर नाहीच, मागच्या पानावर राहिला! मी लाल पेनाने तिन्हींना गोल केले आणि समासात लिहिलं, 'एक ठरवा'.

मास्तरांचा फोन आला. रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, एक ठरलं असतं तर एवढं लिहिलं असतं का?"

हे पटलं, आणि नाहीही पटलं. कारण हेच गृहस्थ पान ४ वर तैत्तिरीय उपनिषदातलं 'यतो वाचो निवर्तन्ते' देतात. वाणी मनाला बरोबर घेऊन निघाली आणि काही हाती न लागता परतली. मग पुढची २०८ पानं कशाला? जोशीबाईंना कुणी 'तो' लिहिलं तर मला चूक कळते, कारण जोशीबाई दारात उभ्या असतात. इथे दारात कोणीच नाही. मग दुरुस्ती करायची ती कशाशी ताडून?

अर्धाकप

प्रकाशकाला विचारा. देव, संत आणि लेखक या तिघांपैकी तुमचं बिल कोणीच देत नाही.

कोरडाठाक

ताई, १९३६ साली ए. जे. एअर नावाच्या तरुण इंग्रज तत्त्वज्ञाने हा वाद एका फटक्यात मिटवायचा प्रयत्न केला होता. वाक्याला अर्थ केव्हा? एक तर ते व्याख्येनेच खरं असेल तेव्हा, नाही तर कुठल्या तरी अनुभवाने त्याची पारख होऊ शकेल तेव्हा. 'बाहेर पाऊस पडतोय' म्हटलं की खिडकी उघडून बघता येतं. 'देव आहे' म्हटल्यावर कुठली खिडकी उघडणार? म्हणून ते वाक्य खोटंही नाही, निरर्थक आहे. गंमत म्हणजे त्याच न्यायाने 'देव नाही' हेही निरर्थक, त्यामुळे आम्हा नास्तिकांचीही पंचाईत. तुमचे मास्तर चुकलेले नाहीत. चुकायला आधी काहीतरी म्हणावं लागतं.

वसईचा_मास्तर

कोरडाठाक, एअरची ती कसोटी स्वतः कुठल्या खिडकीतून बघून पारखायची, हे त्याच्या टीकाकारांनी तेव्हाच विचारलं होतं. ते असो.

मी ख्रिस्ती, निवृत्त शिक्षक. बरीच वर्षं रविवारी चर्चमध्ये धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' शिकवत होतो, तेव्हा सहा-सात वर्षांच्या एका पोराने विचारलं, "सर, देवबाप पण फक्त रविवारीच घरी येतो का?" त्याचे वडील कामासाठी बाहेरगावी असत. मी हसलो, पण अडचण खरी होती. 'बाप' हा शब्द मी दिला, आणि त्याच्यासोबत त्याच्या घरातला बाप आपोआप आला.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस हा ख्रिस्ती धर्मपंडित याच अडचणीवर बसला होता. त्याचं उदाहरण आपल्या भाषेत सांगतो. आपण म्हणतो निरोगी मूल, निरोगी हवा, निरोगी भूक. हवेला काही ताप येत नाही की खोकला होत नाही. हवा निरोगी, कारण ती मुलाला निरोगी ठेवते. भूक निरोगी, कारण तिच्यावरून मुलाची तब्येत कळते. शब्द एकच, अर्थ तिन्हीकडे तोच नाही, पण एकमेकांना अगदी परकाही नाही. देवाला 'चांगला' म्हणतो तेव्हा शब्द असाच ताणला जातो, असं त्याचं म्हणणं. फरक इतकाच की हवेचं निरोगीपण मुलाकडून उसनं आलेलं. देवाचा चांगुलपणा तसा उसना नाही, उलट आपलाच त्याच्याकडून आलेला. तो नेमका कसा असतो, हे मात्र आपल्या आवाक्यात नाही. 'देव माझा खडक' ही गोष्ट वेगळी, ते रूपक आहे, खडकाची धूळ-माती तिथे कुणी नेत नाही.

त्याच्याही आधी, १२१५ साली चर्चच्या लॅटरन धर्मपरिषदेने बजावून ठेवलं होतं: निर्मात्यात आणि निर्मितीत जेवढं साम्य दाखवाल, त्याहून वेगळेपण मोठं आहे. त्या पोराला मी हे सांगितलं नाही. 'नाही रे, तो रोज घरी असतो' एवढंच सांगितलं. म्हणजे शब्द ठेवला आणि त्यातला रविवार तेवढा काढला.

टाळकरी

ताई, तुम्ही गणपतीत आरत्या म्हणता ना? मग 'येई हो विठ्ठले' आठवा. 'विठ्ठले माझे माउली ये.' विठ्ठल पुल्लिंगी, पण हाक कशी? 'माये', 'आई गे' म्हणतात तशी, बाईला मारायची. आणि त्याच आरतीत पुढे 'गरुडावरी बैसोनि माझा कैवारी आला'. आला! आली नाही. पाटावर बसलेली आजी, झांज वाजवणारं पोर, कोणी अडखळत नाही. पिढ्यान् पिढ्या ही 'चूक' गळा काढून गातो आहोत आणि एकाही मुद्रितशोधकाने समासात गोल केलेला नाही (माफ करा).

नामदेवांचं बघा. 'तूं माझी माउली मी वो तुझा तान्हा, पाजीं प्रेमपान्हा पांडुरंगे.' पुढे तोच गाय होतो, हरिणी होतो, पक्षीण होतो. कुठल्याच शब्दावर नामदेव मुक्काम करत नाहीत. मला विचाराल तर वसईच्या सरांनी जो रविवार हाताने काढला, तो इथे पुढचं कडवं काढतं. गाय म्हटल्यावर शिंगं चिकटायच्या आत हरिणी येते.

आणि ज्ञानोबांचं 'तुज सगुण म्हणों कीं निर्गुण रे'. काय म्हणावं ते ठरत नाही, श्रुतीसुद्धा 'नेति नेति', म्हणजे 'असं नाही, असं नाही', म्हणून मोकळी झाली, हे सगळं कबूल. पण ही कबुली कोणाला दिली? 'तुज'. काय म्हणायचं याचा पत्ता नाही, पण कोणाला म्हणायचं त्यात शंका नाही. कोरडाठाक यांची खिडकी 'तो आहे का' या वाक्याला लागते. 'अरे, ये की' याला कुठली खिडकी लावणार?

कोरडाठाक

हाक रिकाम्या घरालाही मारता येते, टाळकरीबुवा. पण शिंगांचं आवडलं.

खिळेजुळणी

सगळ्यांचे आभार. आरतीने माझी विकेट काढली. काल रात्री मोठ्याने म्हणून बघितली, 'विठ्ठले' आणि 'आला' दोन्ही तोंडातून सहज गेले.

मग मास्तरांचं सहावं प्रकरण काढलं, शब्दखंडनाचं. मला वाटलं होतं ज्ञानदेव तिथे शब्दाला पहिल्याच ओवीपासून झोडपतील. उलट सुरुवात कौतुकाने आहे: शब्द केवढा उपयोगी, आठवण करून देण्यात नावाजलेला, जे दिसत नाही त्याचा आरसा. आणि मग हळूच तिढा टाकतात. जो स्वतःला कधी विसरलाच नाही, त्याला आठवण कोण आणि कशाची करून देणार? मला कळलं ते असं, की हे काम शब्दाला जमत नाही असं नाही, तिथे त्याला कामच उरत नाही. आठवण लागते ती विसरणाऱ्यांना, म्हणजे मला. मग २०८ पानंही चालतील, मी तर लाइटचं बिलसुद्धा विसरते.

पान ८७ वर तिन्ही गोलांखाली टिंबटिंब दिली आणि 'आहे तसे ठेवावे' लिहिलं. डीटीपीवाल्याचा फोन आलाच. "ताई, तो, ती, ते तिन्ही ठेवायचे? एका पॅऱ्यात?" म्हटलं, हो, तिन्ही. फक्त 'माउली' शब्द मागच्या पानावरून इकडे ओढून घे, वाचणाऱ्याला 'ती' एकदम अंगावर यायला नको.

आता पान १४३. तिथे मास्तरांनी देवाला 'आपण यावे' असं लिहिलंय, कार्यक्रमाच्या पाहुण्याला लिहितात तसं. ते मात्र मी 'तू ये' करून पाठवते आहे. भांडण झालं तर इथे कळवीन.