बागेत वाहन नको, मग बडोद्याच्या कमाटीबागेतल्या आगगाडीचं काय?

रावपुरा_एलएलबी:
एलएलबीचं दुसरं वर्ष. ज्युरिस्प्रुडन्सच्या (कायद्याच्या तत्त्वज्ञानाच्या) पेपरात हार्ट-फुलर वाद हमखास येतो म्हणतात: कायदा आणि नीती यांचं नातं काय, यावर दोन कायदेपंडितांचा वाद. हार्टचं ‘बागेत वाहन आणू नये’ या नियमाचं उदाहरण कळलं. पण फुलर म्हणतो, कायद्याला आतली नीती असते. म्हणजे कायदा चांगलाच असतो? मग हिटलरचे कायदे? गाइडातले आठ मुद्दे पाठ झाले, डोक्यात काही शिरलं नाही.

निवृत्त_नाझर:
बाळा, आधी कमाटीबागेत चक्कर मार. तिथली मुलांची आगगाडी, ती वाहन का? हार्ट म्हणेल, शब्दाला गाभा असतो, मोटार त्यात पक्की. ही गाडी कडेच्या धूसर पट्ट्यातली. १९५८ साली फुलरने उलटं विचारलं: महायुद्धातला चालू ट्रक लोकांनी स्मारक म्हणून बागेत चौथऱ्यावर बसवला तर? ट्रक तर अगदी गाभ्यातला! म्हणजे नियम कशासाठी, हे आधी बघावं लागतं.

आता आतली नीती. १९६४च्या पुस्तकात फुलरचा काल्पनिक रेक्स राजा कायदे करायला निघतो आणि आठ तऱ्हांनी फसतो. त्या आठ चुका टाळणं, हीच आतली नीती. मला हा राजा ओळखीचा वाटला. एका कचेरीने (नाव नको) माझ्या पेन्शनीतून अठराशे रुपये कापले. का, तर परिपत्रक. दाखवा म्हटलं, तर शिपायाने कपाटामागून सुरळी काढून धूळ झटकली. कागद जानेवारीचा, लागू आदल्या एप्रिलपासून! कुणाला कळवलं नाही, वर मागल्या तारखेने. आठातले दोन एकाच कागदात. कापणं वाजवी होतं की नाही, ते राहू दे. एप्रिलात मी ते पाळणार कसं, हा फुलरचा सवाल.

मांडवीचा_वकील:
काका, झकास. हिटलरचंही तेच. १९३४ साली त्याच्याच पक्षातल्या अर्न्स्ट रोम वगैरेंना मारून झालं, मग ३ जुलैला ते कायदेशीर ठरवणारा कायदा आला. पण पेपरात हार्टचा १९६५चा टोला लिहायचाच: विष घालण्याचेही नीट नियम असतात, त्यालाही नीती म्हणायचं का?

निवृत्त_नाझर:
टोला खरा. पण वकीलसाहेब, विष घालणारा आधी नोटीस बजावतो का?

रावपुरा_एलएलबी:
आता शिरलं! काका, अठराशे परत मिळाले?

निवृत्त_नाझर:
अर्ज दिलाय. आवक क्रमांक मिळाला.