लीड की लेड? तुमच्या फजित्या येऊ द्या

उंबरठा
काल बाबांचा ईसीजी काढला. (रूटीन आहे, काळजी नको.) तो काढणारा मुलगा आत कुणाला तरी ओरडून म्हणाला, "ट्वेल्व्ह लीडचाच काढतोय." बाबा ३५ वर्षं बँकेत कॅशियर, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. छातीवर सहा, हातापायांना चार. मला म्हणतात, "अगं, दहाच आहेत. पैसे मात्र बाराचे घेतील." मुलगा हसला, बाबाही हसले, आलेख बिघडला आणि पुन्हा काढावा लागला.

मला तिथेच माझं एफवायबीएस्सी आठवलं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, शिसं म्हणजे शिसं. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग lead, पण म्हणायचं लेड, हे कुणाला ठाऊक! पहिल्याच सेमिनारला फळ्यापाशी उभी राहून ठणठणीत आवाजात "लीड पॉयझनिंग"वर दहा मिनिटं बोलले. कुणी टोकलं नाही. शेवटी सर म्हणाले, "बाई, लीडरमुळे होतं ते वेगळं. हे लेड." पुढे वर्षभर माझं नाव लीडर. तुमचं काय झालंय या शब्दाने?

गुळाचा_चहा
बाबा बरे आहेत ना? बाकी नंतर वाचते, कुकर लावलाय.

रात्रपाळी
बाबांना सांगा, फसवलेलं नाही. इलेक्ट्रोड दहा, लीड बारा. इथे लीड म्हणजे वायर नव्हे, हृदयाकडे बघायची एकेक बाजू. दहा ठिकाणांहून मशीन बारा आलेख काढतं. आमच्याकडे दोन्ही उच्चार एकाच मजल्यावर नांदतात, ईसीजीला लीड आणि एक्स-रेच्या खोलीत लेड ॲप्रन. तो एकदा अंगावर चढवला की वजनानेच उच्चार पाठ होतो.

उंबरठा
वाचून दाखवलं. "मग बाराचं बिल ठीक आहे" म्हणाले.

खडीमुरूम
पीडब्ल्यूडीत जन्म गेला. आमच्यात लीड म्हणजे माल वाहून न्यायचं अंतर, लिफ्ट म्हणजे उंची. मातीकामाच्या दरात ५० मीटर लीड आणि दीड मीटर लिफ्ट धरलेली असते, त्यापुढचं जादा. पोरगा सेल्समध्ये लागला, तिथे लीड म्हणजे होऊ घातलेलं गिऱ्हाईक. पहिल्या आठवड्यात आनंदाने सांगतोय, "बाबा, आज तीन लीड आल्या." मी विचारलं, किती किलोमीटरच्या?

आळूचं_फदफदं
मेले मी इथे

सहामाही_नापास
रीडचं स्पेलिंग भूतकाळातही तेच राहतं, फक्त रेड म्हणायचं. म्हणून बायोडेटात लीडचंही led न करता lead हेच ठेवलं, "टीमला लेड केलं" या अर्थाने. मुलाखत घेणारे म्हणाले, टीमला शिसं पाजलंत का? नोकरी मिळाली पण.

जुना_खिळा
वडिलांचा तालुक्याला छापखाना होता. छपाईच्या अक्षरांचे खिळे शिशाचे (थोडं अँटिमनी, थोडं कथील) आणि दोन ओळी मोकळ्या दिसायला मध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या. इंग्रजीत त्यालाच लेडिंग. वडील दुपारी घरी आले की मोरीत बसून चिंचेने हात घासायचे, तरी नखांच्या कडा काळ्याच. आई त्यांचा तांब्या वेगळा ठेवायची, कारण कधी सांगितलं नाही. आता मी डीटीपी करतो, म्हणजे संगणकावर पानं लावतो. पट्ट्या गेल्या, शब्द सॉफ्टवेअरमध्ये राहिला, आणि ऑफिसात सगळे विचारतात, "सर, लीडिंग वाढवू का?" एकदा दुरुस्त करायला गेलो. "सर, तुमच्या वेळी तसं म्हणत असतील." बरं.

गुळाचा_चहा
आले. चिंचेचं वाचून भरून आलं हो.

पाटीपूजन
इंग्रजांनाच कशाला हसता, आपण शिसपेन्सिल म्हणतो, आत शिसं औषधालाही नाही. इंग्लंडात बॉरोडेलला सोळाव्या शतकात ग्राफाइट सापडलं, ते लोकांना शिशाचाच प्रकार वाटलं. तो कार्बन आहे हे शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये दाखवलं. तोवर नाव चिकटलं होतं, ते आपणही उचललं.

आळूचं_फदफदं
आणि आजी आयुष्यभर "शिसपेन चावू नकोस, विष असतं" म्हणून धपाटे घालत आली! आता ते परत कसे मिळवू?

चोक_ओढा
पंपावर "अनलेडेड" लिहिलेलं असायचं. आमचे काका जोरात "अनलीडेड द्या" म्हणायचे, पंपावरचा पोऱ्याही तेच म्हणायचा, मग चूक कुणाची? १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलंच पेट्रोल मिळायला लागलं. काकांनी स्कूटर विकली तोवर तसंच म्हणत होते.

वऱ्हाडी_ठेचा
मला एक सांगा, लीड तो, ती का ते? आमच्याकडे मतमोजणीत "लीड भेटली".

रंकाळा
आमच्याकडं "लीड तुटलं". ते लीड.

खडीमुरूम
सरकारी कागदावर तरी बाईच बघितली. "जादा लीड मंजूर करण्यात आली."

सहामाही_नापास
क्रिकेटमध्येही ती. २००१, ईडन गार्डन्स, ऑस्ट्रेलियाची २७४ची लीड, वर फॉलोऑन. आजोबा "संपलं" म्हणून रेडिओ बंद करून झोपले. मग लक्ष्मण २८१, द्रविड १८०. त्या पाच दिवसांचं त्यांच्यापुढे आम्ही नाव काढत नव्हतो.

गुळाचा_चहा
शिशावरून आठवलं, सासूबाई म्हणतात हल्लीच्या कल्हईत कथिलाबरोबर शिसं मिसळतात, म्हणून पितळी पातेली माळ्यावर. खरं का हो रात्रपाळी?

रात्रपाळी
मिसळणारे असतात. खात्रीचा कल्हईवाला असेल तर करून घ्या, नाहीतर आमटी-ताक तरी त्यात ठेवू नका.

आळूचं_फदफदं
कोथरूडकडे येतो का कुणी अजून? माझी तीन पातेली आहेत.

गुळाचा_चहा
माझी पाच. मिळाला तर एकत्र बोलावू.