इटर्बियमच्या त्रिकोणी जालकातील अखंड पट्टा: स्पिन द्रव की स्फटिकातील सरमिसळ?

जालकवेडी (प्रश्न):
चर्चासत्रासाठी मी इटर्बियम-मॅग्नेशियम-गॅलियम ऑक्साइडवरील न्यूट्रॉन प्रयोग वाचत आहे. त्यात इटर्बियमचे आयन सपाट थरांमध्ये त्रिकोणी जाळी करून बसलेले असतात, आणि क्युरी-वाइस तापमान (स्पिनांमधील, म्हणजे आयनांच्या सूक्ष्म चुंबकांमधील, आंतरक्रियेचा अंदाज; उणे म्हणजे शेजारी विरुद्ध दिशांना वळू पाहतात) सुमारे उणे 4 केल्विन असूनही 0.1 केल्विनच्या खालीसुद्धा चुंबकीय क्रम आढळत नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत मॅग्नॉनच्या (क्रमबद्ध स्पिनांमधून जाणाऱ्या लाटेच्या) रेखीव रेषांऐवजी सुमारे दीड मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत पसरलेला अखंड पट्टा दिसला. न्यूट्रॉनने दिलेली ऊर्जा आणि संवेग दोन स्पिनॉनांमध्ये (एक उत्तेजन दुभंगून होणाऱ्या भागांमध्ये) कसेही वाटले जातात, म्हणून रेषा उरत नाही, हे मला समजते. परंतु एवढ्यावरून त्याला स्पिन द्रव, म्हणजे अतिशीत तापमानालाही स्पिन क्रमात न गोठणारी अवस्था, म्हणता येईल का?

थंडगार_न्यूट्रॉन:
माझ्या मते नाही. या स्फटिकात मॅग्नेशियम आणि गॅलियम एकाच प्रकारच्या जागांवर निम्मेनिम्मे, कोणताही क्रम न पाळता बसतात. एकावर दोन एकक भार, दुसऱ्यावर तीन. त्यामुळे प्रत्येक इटर्बियमभोवतीचे विद्युत क्षेत्र थोडे वेगळे असते. याची खूण मोठ्या ऊर्जेला सापडते. इटर्बियमच्या आठ पातळ्यांच्या चार जोड्या होतात आणि सर्वांत खालच्या जोडीपासून वरच्या तिन्हींपर्यंतची अंतरे सुमारे 39, 61 आणि 97 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट भरतात. न्यूट्रॉन मोजमापात दिसणारी त्यांची शिखरे उपकरणाच्या विभेदनक्षमतेपेक्षा स्पष्टपणे रुंद आहेत. चर्चासत्रात आधी हीच आकृती दाखवावी, असे सुचवतो. शिवाय जवळपास 8 टेस्ला क्षेत्रात बहुतेक स्पिन एका दिशेला वळल्यावर मॅग्नॉन रेखीव दिसायला हवा होता. तिथेही तो फिसकटलेलाच आहे.

उष्णतामापक:
उष्णतावहनाचे मोजमापही पाहावे. मुक्तपणे धावणारे स्पिनॉन असते तर अतिशीत तापमानाला त्यांनी उष्णता वाहून नेली असती. प्रत्यक्षात त्यांचा वाटा जवळजवळ आढळला नाही. मॅग्नेशियमच्या जागी जस्त असलेल्या भावंडात 0.1 केल्विनच्या आसपास प्रत्यावर्ती चुंबकग्राहितेचे (उलटसुलट बदलणाऱ्या क्षेत्राला मिळणाऱ्या चुंबकीय प्रतिसादाचे) शिखर मिळते, आणि वारंवारता बदलली की ते सरकते. हे स्पिन काचेचे, म्हणजे स्पिन अस्ताव्यस्त दिशांना गोठल्याचे, लक्षण आहे.

जालकवेडी:
मग ज्यात अशी सरमिसळ नाही, असे इटर्बियमचे संयुग आहे का?

थंडगार_न्यूट्रॉन:
आहे. पोटॅशियम-इटर्बियम सेलेनाइडमध्ये थरांच्या मध्ये केवळ पोटॅशियम असते. ते 290 मिलिकेल्विनच्या खाली क्रमबद्ध होते, म्हणजे ते स्वतः स्पिन द्रव नाही. पण त्याच्या किंचित वर मिळालेला अखंड पट्टा आणि लगतच्या शेजाऱ्याशी असलेल्या आंतरक्रियेच्या सुमारे पाच टक्के भरणारी, त्यापुढच्या दुसऱ्या शेजाऱ्याशी असलेली आंतरक्रिया पाहता ते स्पिन द्रवाच्या उंबरठ्याशी उभे आहे, असे 2024 च्या शोधनिबंधात मांडले आहे. मला हा दावा अधिक पटतो. मात्र 120 अंशांच्या क्रमातही (ज्यात त्रिकोणाचे तीन स्पिन एकमेकांशी 120 अंश करतात) एक मॅग्नॉन दोन मॅग्नॉनांमध्ये मोडू शकतो, त्यामुळे रुंद रेषा दिसताच स्पिनॉनचे नाव घेऊ नये.

उष्णतामापक:
एक पुरवणी. थुलियमच्या संयुगातही मॅग्नेशियम-गॅलियमची तीच सरमिसळ आहे, तरी त्यात तीन उपजालकांचा (जाळीतील जागा तीन गटांत विभागणारा) क्रम आणि संवेगानुसार ऊर्जा बदलणारी उत्तेजने दिसतात. तेव्हा सरमिसळ आहे म्हणजे सर्व काही पुसले जाणारच, असे नाही. इटर्बियमच्या बाबतीत ती आंतरक्रियांवर कितपत भारी पडते, हे चर्चासत्रात आकड्यांनिशी तपासावे लागेल.