‘कॉन मॅन’मधला ‘कॉन’

भरवसा मिळवून फसवणाऱ्या भामट्याला इंग्रजीत ‘कॉन मॅन’ म्हणतात. कुणीतरी म्हटलंय की त्यातला ‘कॉन’ हा ‘कन्व्हिक्ट’वरून, म्हणजे शिक्षा झालेल्या गुन्हेगारावरून आला असावा. तसं नाही, तो ‘कॉन्फिडन्स’चा, म्हणजे विश्वासाचा आहे. १८४९ मध्ये न्यूयॉर्कला विल्यम थॉम्पसन नावाचा भामटा पकडला गेला. हा झकपक कपड्यात रस्त्यावर अनोळखी गृहस्थाशी जुनी ओळख असल्यासारखा गप्पा मारायचा आणि मग विचारायचा, उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे द्याल, एवढा विश्वास आहे का माझ्यावर? आणि लोक खरंच घड्याळ काढून द्यायचे! वर्तमानपत्रांनी त्याला ‘कॉन्फिडन्स मॅन’ म्हटलं, पुढे त्याचंच ‘कॉन मॅन’ झालं.

म्हणूनच पाकीटमाराला कॉन मॅन म्हणणं मला अजिबात पटत नाही. तो नकळत हात मारतो. इथे माणूस आपल्या हातानं वस्तू देतो. ‘त्यानं मला कॉन केलं’ हेही भरवसा मिळवून केलेल्या फसवणुकीलाच शोभतं.